आधी शाळेची घंटा, मग जंगलाची वाट

प्रश्न : आम्ही २४ जणांचा गट आहोत. सर्वांत लहान मुलगी १३ वर्षांची आणि सर्वांत ज्येष्ठ सदस्य ६८ वर्षांचे आहेत. दोन दिवसांच्या सहलीत वर्षावनातील १२ किलोमीटरची पायवाट चालायची आणि तिच्या पायथ्याशी असलेल्या खेड्यातील शाळेला भेट द्यायची, असा बेत मी आखला आहे. वाटेवर सुमारे ६०० मीटरचा चढ आहे. पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला जंगलात शिरायचे, दुपारी तीनपर्यंत खाली उतरून थेट शाळेत जायचे, मुलांना वह्या आणि गोळ्या-चॉकलेटे वाटायची, फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी परतायचे, अशी आखणी आहे. शाळेत दोनच शिक्षक आहेत. मुलांना अचानक आनंद द्यावा म्हणून शाळेला अद्याप कळवलेले नाही. गटात मात्र दोन तट पडले आहेत. शाळाभेट म्हणजे नुसता दिखावा, ती रद्द करा, असे काहींचे म्हणणे आहे. नुसते जंगल पाहून यायचे तर सहलीला अर्थ काय, असे इतरांचे. मी काय करावे? — एक संयोजक

उत्तर : तुमच्या बेतातील दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, चुकला आहे तो त्यांचा क्रम. जंगलातून परतण्याची वेळ कोणालाही खात्रीने सांगता येत नाही, आणि शाळेची वेळ मात्र घंटेला बांधलेली असते. जी गोष्ट वेळेवर संपेल याची हमी नाही, तिच्या मागे तुम्ही वेळेची पक्की असलेली गोष्ट जोडली आहे. एवढा एक क्रम उलटा केला, तर गटातील वादही बराचसा निवळेल असे मला वाटते. तो कसा, हे पुढे सांगतो.

आधी तीन वाजण्याचा हिशेब पाहू. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा मांडला होता, तो आजही वापरला जातो : सुमारे ५ किलोमीटरला एक तास आणि वर सुमारे ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. या हिशेबाने तुमची वाट साडेतीन तासांत संपायला हवी, आणि बहुधा अशाच एखाद्या हिशेबावर भरपूर वेळ धरून तुम्ही तीनचा आकडा काढला असावा. परंतु हा ठोकताळा धडधाकट माणसांसाठी आणि चालायला बऱ्या असलेल्या जमिनीसाठी आहे. वर्षावनात पायाखाली ओली मुळे, चिखल आणि शेवाळलेले दगड असतात, आणि तिथे मोठ्या गटाने ताशी दीड ते दोन किलोमीटर चालणे ही चांगली गती मानावी. म्हणजे नुसते चालण्याचेच सहा ते आठ तास झाले. त्यात विश्रांती, खाणे, फोटो आणि एखाद्याच्या बुटाचा निघालेला तळवा यांची भर घातली, तर तीन वाजता तुम्ही शाळेच्या दारात नव्हे, वाटेवरच असाल.

त्यात पाऊस. वर्षावनांत वर्षाकाठी साधारणपणे २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि अनेक ठिकाणी त्याची एक दैनंदिन रीत असते : सकाळच्या उन्हाने जमीन आणि पाने तापतात, बाष्प वर चढते, ढग साचतात आणि दुपारनंतर सरी कोसळतात. सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी कमरेएवढा होऊ शकतो, आणि तो वर कुठेतरी पडलेल्या पावसाने फुगतो, त्यामुळे तुमच्या डोक्यावर आभाळ कोरडे असले तरी भरवसा नाही. पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात पाने आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, तर थांबणे एवढेच करायचे असते. शाळेत मुले वाट पाहत आहेत हे डोक्यात असलेला संयोजक अशा वेळी थांबत नाही. तो घड्याळ पाहतो आणि पाण्यात उतरतो. मला तुमच्या बेतातील खरा धोका इथे दिसतो.

दुसरी बाजू मुलांची. काही वर्षांपूर्वी मी स्वतः अशाच एका गटात होतो. आम्ही शाळेत पोचलो तेव्हा सुटण्याची वेळ उलटून दोन तास झाले होते आणि मुलांना आमच्यासाठी थांबवून ठेवले होते. चिखलाने माखलेल्या अंगाने आम्ही घाईघाईत वस्तू वाटल्या, मुलांनी बसवलेले गाणे म्हटले, फोटो झाले. निघताना मी एका मुलाला घर कुठे म्हणून विचारले, तर त्याने समोरच्या टेकडीपलीकडे बोट दाखवले. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत वर्षभर सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे टिकतो. दाट झाडीत तर त्याआधीच काळोख होतो. आम्ही मागे टॉर्च आणि गाड्या घेऊन परतलो, तो मुलगा कसा गेला हे आम्ही कोणी विचारले नाही.

म्हणून पहिला दिवस शाळेचा ठेवा, तोही शाळा सांगेल त्या वेळेचा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जंगलाला निघा. यात एक अडचण उरते, ती म्हणजे पूर्ण वाट चालून त्याच दिवशी परतीचा प्रवास करणे, आणि दिवसभर चाललेल्या माणसाने रात्री गाडी चालवणे मला मुळीच मान्य नाही. एक दिवस वाढवता येत असेल तर उत्तम. नसेल, तर १२ किलोमीटरचा हट्ट सोडा. तीन किलोमीटर आत जा आणि त्याच वाटेने परत या. वर्षावन पाहण्यासाठी ते पार करण्याची गरज नसते, उलट जो हळू चालतो आणि वारंवार थांबतो त्यालाच तिथे काही दिसते.

आता शाळेकडे वळू. मुलांना अचानक आनंद देण्याची कल्पना कृपया सोडून द्या. दोन शिक्षकांच्या शाळेत एकेका शिक्षकाकडे अनेक इयत्ता एकत्र असतात, आणि त्यातील एक जण पाहुण्यांच्या दिमतीला लागला की अर्धी शाळा शिकवण्यावाचून बसते. आजच मुख्याध्यापकांना पत्र लिहा किंवा दूरध्वनी करा, आणि प्रश्न असा विचारा की त्यांना ‘नको’ म्हणणे सोपे जावे. ‘आम्ही येत आहोत, चालेल ना?’ या प्रश्नाला कोणताही सभ्य मनुष्य नकार देत नाही. त्याऐवजी तुम्ही कोण आहात, किती जण आहात हे सांगून, भेटीचा शाळेला उपयोग होईल का, होणार असेल तर कोणत्या दिवशी, किती वेळ आणि कशासाठी, आणि परीक्षा किंवा अन्य कामामुळे अडचण असेल तर आम्ही मुळीच वाईट वाटून घेणार नाही, असे स्पष्ट लिहा. जिथे शाळाभेटीसाठी शिक्षण खात्याची परवानगी लागते तिथे ती कशी घ्यायची, हेही मुख्याध्यापकच सांगतील. उत्तर नकाराचे आले किंवा आलेच नाही, तर शाळाभेट नाही, हे गटाला आधीच सांगून ठेवा.

उत्तर होकाराचे आले तरी २४ जणांनी जाऊ नये. एवढे पाहुणे एका वर्गात उभे राहिले की तो वर्ग राहत नाही, प्रदर्शन होते. सहा जण पुरेत, आणि ते सहा जण कोण, हे शाळेने काय मागितले त्यावर ठरवा. कोणाला विज्ञानाचे साधे प्रयोग दाखवता येतात, कोणाला गळका नळ दुरुस्त करता येतो, कोणी आठवडाभर आधी बसून वाचनासाठी गोष्टी निवडून आणतो. इथेच तुमच्या गटातील वाद बराचसा विरतो. ज्यांना ही भेट दिखावा वाटते त्यांनी जायचे नाही, आणि त्यांना वगळले असेही कोणी मानायचे नाही. ज्यांना जायचे आहे त्यांच्या हाती शाळेने दिलेले काम असल्यामुळे दिखाव्याला जागाच उरत नाही. खरे सांगायचे तर दिखाव्याची शंका घेणाऱ्यांचे तुम्ही आभार मानायला हवेत, कारण त्यांनी ती घेतली नसती तर तुम्ही मला पत्रच लिहिले नसते. १३ वर्षांच्या मुलीला मात्र तिची इच्छा असल्यास या सहांत अवश्य घ्या. बरोबरीची मुले एकमेकांशी जे बोलतात ते आपल्यासारख्या मोठ्यांना उभ्या जन्मात ऐकू येत नाही.

तिथे गेल्यावर मुलांकडून गाणी किंवा नाच करवून घेऊ नका. पाहुण्यांसाठी कार्यक्रम बसवण्यात शाळांचे कितीतरी तास जातात. शिक्षकांची हरकत नसेल तर एखादा तास मागच्या बाकावर बसून पाहावा, आणि मग शाळेने नेमून दिलेले काम करावे. एकट्या मुलासोबत कोणीही मोठा माणूस एकटा थांबणार नाही, कोणी मुलांचे दूरध्वनी क्रमांक घेणार नाही आणि कोणी कोणत्याही मुलाला शाळेच्या आवाराबाहेर नेणार नाही, हे तीन नियम निघण्यापूर्वी सर्वांना सांगा. तुमच्या माणसांवर अविश्वास म्हणून हे सांगत नाही. हे नियम सर्वच पाहुण्यांना सारखे लागू असतील तरच शाळेला मुलांची काळजी घेता येते.

छायाचित्रांबद्दल थोडे कठोर बोलतो. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचे सोळावे कलम मुलांच्या खासगीपणाचे रक्षण करते, आणि मूल गरीब घरचे आहे किंवा कॅमेऱ्याकडे पाहून हसते आहे म्हणून तो हक्क कमी होत नाही. पालकांची संमती शाळेमार्फत आधी मिळाली नसेल, तर मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो काढूच नयेत. संमती असली तरी मुलाचा चेहरा, त्याचे नाव आणि शाळेचे ठिकाण एकत्र कळेल असे काहीही समाजमाध्यमांवर टाकू नये, आणि फोनमधील ठिकाण नोंदवण्याची सोय बंद ठेवावी. स्वतःच्या मुलाच्या शाळेत अनोळखी २४ माणसे शिरून फोटो काढू लागली तर आपण काय करू, असा विचार प्रत्येकाने करून पाहिला की मर्यादा आपोआप कळते.

वह्यांचे वाटप शाळेला विचारून ठरवा. वह्या कदाचित भरपूर असतील आणि नसेल ती फळ्याची दुरुस्ती, छतावरचा पत्रा किंवा पाणी साठवण्याची टाकी. विजेचा भरवसा नसलेल्या ठिकाणी दिलेले संगणक आणि मुलांना न येणाऱ्या भाषेतील जुनी पुस्तके कपाटात कुजतात, आणि ती टाकून देण्याचे संकटही शाळेवरच येते. जे द्यायचे ते मुख्याध्यापकांच्या हाती, समारंभाशिवाय, पावती घेऊन द्यावे, म्हणजे कोणाला मिळाले आणि कोणाला नाही हा प्रश्न निर्माण होत नाही. गोळ्या-चॉकलेटे नकोत, दातांचा डॉक्टर जिथून लांब आहे तिथे ती भेट नव्हे, आणि पाहुणा दिसला की हात पुढे करायचा ही सवय अशाच वाटपातून लागते. आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही : तुमच्यातील कोणाला ताप किंवा खोकला असेल तर त्याने शाळेत जाऊ नये, मग तो त्या सहांतील सर्वांत उत्साही माणूस का असेना. तुम्हाला चार दिवस त्रास देणारा फ्लू दवाखान्यापासून दूर असलेल्या वस्तीला फार महाग पडतो.

आता जंगलाचा दिवस. २४ जणांचे दोन गट करा, प्रत्येकाला गावातील जाणता प्रौढ वाटाड्या घ्या आणि त्याला त्या भागातील रास्त मजुरी द्या. शाळेतील मुलांना वाट दाखवायला घेऊन जाऊ नका, त्यांनी आग्रह केला तरीही. वाटाड्याच्या मागोमाग सर्वांत हळू चालणारा सदस्य असावा आणि सर्वांच्या मागे एक अनुभवी माणूस, जो कोणालाही आपल्या मागे राहू देणार नाही. ज्येष्ठांना मागे ठेवण्याची चूक बहुतेक गट करतात. मग पुढचे थांबतात, मागचे धापा टाकत येऊन पोचतात आणि ते पोचताच पुढचे विसावलेले लोक चालू पडतात, त्यामुळे ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज त्यालाच ती मिळत नाही. तुमच्या ६८ वर्षांच्या सदस्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून, चालू असलेली औषधे दाखवून, दमट उष्म्यात चढ चढण्याबद्दल विचारावे. परत फिरण्याची वेळही सकाळीच जाहीर करा. ती वेळ झाली की कुठेही पोचलेले असा, मागे वळायचे.

उष्म्याकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण सावली असते. वर्षावनात ३० ते ४५ मीटर उंचीवर पानांचे छत असते आणि जमिनीपर्यंत सूर्यप्रकाशाचा जेमतेम एक-दोन टक्के भाग पोचतो, त्यामुळे ऊन लागत नाही. परंतु हवेत एवढे बाष्प असते की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. दर तासाला साधारण अर्धा लिटर पाणी थोडे थोडे प्यावे, आणि तासन्‌तास घाम गळत असेल तर नुसत्या पाण्यावर न राहता जलसंजीवनी घ्यावी. ज्याला मळमळते, डोके दुखते किंवा जो असंबद्ध बोलू लागतो त्याला बसवा, कपडे सैल करा, अंग ओले करून वारा घाला आणि उतरण्याची तयारी करा. असंबद्ध बोलणे ही तातडीने वैद्यकीय मदत मागण्याची खूण आहे.

जळवांविषयी तुमच्या गटात सर्वाधिक चर्चा होईल आणि तिची सर्वांत कमी गरज आहे. आशिया, ऑस्ट्रेलिया आणि मादागास्करच्या वर्षावनांत जमिनीवरच्या जळवा आढळतात. पँट मोज्यांत खोचली आणि वरचेवर पाय तपासले की पुरते. लागलीच तर मीठ टाकू नका, जाळूही नका, कारण तसे केल्यास ती पोटातले जखमेत ओकू शकते. नखाने तिचे निमुळते टोक बाजूला सारून ती सोडवावी. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असल्यामुळे जखम बराच वेळ वाहते, पण ती गंभीर नसते. डासांची भीती अधिक रास्त आहे : डेंग्यूचे डास दिवसा चावतात, मलेरियाचे संध्याकाळ ते पहाट, त्यामुळे त्या प्रदेशात मलेरिया आहे का आणि त्यासाठी आधीपासून गोळ्या घ्यायच्या का, हे डॉक्टरांना काही आठवडे आधी विचारा. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नये, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. आणि विश्रांतीला बसण्यापूर्वी वर पाहावे. सापाची भीती सर्वांना वाटते, वाळलेल्या फांदीची कोणालाच वाटत नाही, आणि ओल्या जंगलात अशा फांद्या वाऱ्यावाचूनही पडतात.

तुमच्यामुळे जंगलाला होणारा त्रासही मोठा असतो. चिखल चुकवण्यासाठी बाजूने गेलेली २४ माणसे एका दिवसात वाट दुप्पट रुंद करतात; वर्षावनात सुपीक थर पातळ असतो आणि झाडांची मुळे उथळ असतात, त्यामुळे तुडवलेली जागा लवकर सावरत नाही. म्हणून चिखलातूनच चाला, बूट त्यासाठीच असतात. ते बूट मात्र सहलीच्या आधी आणि नंतर घासून धुवा आणि पूर्ण वाळवा. कायट्रिड नावाची एक बुरशी पाण्यातून आणि ओल्या मातीतून पसरते आणि बेडकांच्या कातडीला ग्रासते. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार जगभरातील किमान ५०१ उभयचर प्रजातींच्या घटीत तिचा वाटा आहे आणि त्यांपैकी ९० नामशेष झाल्याचे मानले जाते. बेडूक हातात घेण्याचा मोहही टाळा. त्यांची त्वचा ओली आणि सच्छिद्र असते, आणि तुमच्या हाताला डासांचे मलम असते.

शेवटी, शाळा आणि जंगल यांना जोडणारा एक धागा सुचवतो, मुख्याध्यापकांना पसंत असेल तरच. पहिल्या दिवशी तुम्ही मुलांना काही शिकवण्याऐवजी त्यांना तुमची परीक्षा घेऊ द्या. उद्या या वाटेवर कोणत्या दहा गोष्टी आम्ही शोधाव्यात, असे त्यांना विचारा आणि ती यादी त्यांच्या भाषेत, त्यांच्या अक्षरात लिहून घ्या : एखादे झाड, एखाद्या पक्ष्याचा आवाज, उलट्या बाजूने वेगळ्या रंगाचे दिसणारे पान, गावातल्या लोकांनीच नाव दिलेला एखादा दगड. दुसऱ्या दिवशी ती यादी पूर्ण गटाकडे असेल, शाळेत न गेलेल्या अठरा जणांकडेही. माझा अंदाज आहे की तुम्हाला दहापैकी चारच सापडतील. काय सापडले आणि काय नाही, हे प्रामाणिकपणे लिहून, परतल्यावर दोन आठवड्यांच्या आत शाळेला पत्र पाठवा. ज्यांना ही भेट दिखावा वाटत होती, त्यांच्यापैकी कोणाला तरी ते लिहायला सांगा.